बाराशें बावीस पानें

पाटीवरील अक्षरें ओल्या फडक्यानें पुसलीं कीं पाटी कोरी होते. फेसबुकवर लिहिलेला मजकूर खोडला असतां तोहि असाच नाहींसा होतो, अशी पुष्कळांची समजूत होती. सुशिक्षित म्हणविणारेहि तिला अपवाद नव्हते. २०११ सालीं ऑस्ट्रियांतील एका कायद्याच्या विद्यार्थ्यानें ही समजूत कागदोपत्रीं तपासून पाहिली.

मॅक्स श्रेम्स हें त्याचें नांव. व्हिएन्ना येथें शिकत असतां तो कांहीं महिने कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा विद्यापीठांत गेला होता. तेथें फेसबुकच्या एका वकिलाचें भाषण त्यानें ऐकलें. युरोपांतील कायद्यांची त्या गृहस्थांना पुरती कल्पना नसावी, असें त्याच्या मनानें घेतलें आणि त्यानें आपला निबंध याच विषयावर लिहावयाचें ठरविलें. आपल्याविषयीं कोणी कोणती माहिती सांठविली आहे, तें मागून घेण्याचा अधिकार १९९५ च्या युरोपीय निर्देशानें प्रत्येकास दिला होता. श्रेम्सनें तशी मागणी केली. उत्तरादाखल संगणकाची एक तबकडी आली. तिच्यांत १२२२ पानें होतीं!

त्या पानांत काय नव्हतें? कोणत्या समारंभाचें बोलावणें आलें व त्यानें काय उत्तर दिलें, कोणाशीं मैत्री जोडली आणि पुढें कोणाला यादींतून वगळलें, हें सर्व तेथें होतें. त्यानें स्वतःच्या हातानें खोडलेले निरोपहि होते. म्हणजे मजकूर दृष्टीआड झाला होता तो त्याच्या, कंपनीच्या नव्हे. आणि निरोप म्हटला कीं त्याला दोन टोकें असावयाचींच. मित्रानें विश्वासानें कांहीं कळवावें, वाचणाऱ्यानें तें वाचून नाहींसें करावें, दोघांनींहि निर्धास्त व्हावें, आणि प्रत मात्र तिसऱ्याच ठिकाणीं राहावी, असा हा प्रकार. ज्या मित्रानें तो निरोप पाठविला, त्यानें तर हीं पानें मागितलींहि नव्हतीं.

या बाबतींत युरोपियन लोक इतके हळवे कां, याला इतिहास आहे. नाझी राजवटीनें माणसांच्या नोंदींचा उपयोग कशासाठीं केला, हें जर्मन लोक विसरूं शकत नव्हते. पूर्व जर्मनींत तर गुप्त पोलिसांचीं दप्तरें १९८९ पर्यंत फुगतच होतीं. माहितीच्या संरक्षणाचा जगांतील पहिला कायदा १९७० सालीं पश्चिम जर्मनीच्या हेसेन प्रांतानें केला. १९८३ सालीं शिरगणतीचा वाद तेथील घटना-न्यायालयांत गेला, तेव्हां आपली माहिती कोणी व कशासाठीं वापरावी, हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असा निकाल लागला.

फेसबुकचें युरोपीय ठाणें डब्लिन येथें. म्हणून श्रेम्सनें आयर्लंडच्या माहिती-संरक्षण आयुक्तांकडे २२ तक्रारी गुदरल्या. चौकशी झाली, कांहीं सुधारणाहि झाल्या. चित्रांतील चेहरे ओळखण्याची सोय २०१२ मध्यें कंपनीनें युरोपांत बंद केली. परंतु प्रकरणाला खरें वळण लागलें तें जून २०१३ मध्यें. एडवर्ड स्नोडेन यानें अमेरिकन हेरखात्याचीं कागदपत्रें उघड केलीं, आणि मोठ्या कंपन्यांकडील माहिती त्या खात्याच्या हातीं पडते, असें त्यांतून दिसून आलें. घरमालकाच्या हातीं दिलेली किल्ली कोतवालाकडेहि असावी, तसेंच हें! आपली माहिती अमेरिकेंत पाठवूं नये, अशी नवी तक्रार श्रेम्सनें केली. आयुक्तांनीं ती चौकशीसहि घेतली नाहीं. तेव्हां वाद डब्लिनच्या उच्च न्यायालयांतून लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढें गेला. अमेरिकेंत ही माहिती सुरक्षित राहते असें गृहीत धरणारा युरोपीय आयोगाचा २००० सालचा निर्णय त्या न्यायालयानें ६ ऑक्टोबर २०१५ रोजीं रद्द केला. चार हजारांहून अधिक अमेरिकन कंपन्यांचा व्यवहार त्या निर्णयावर चालत होता.

त्याच्या जागीं २०१६ मध्यें दुसरी व्यवस्था आली. तीहि श्रेम्सच्याच खटल्यांत १६ जुलै २०२० रोजीं रद्द झाली. फेसबुकच्या कंपनीचें नांव पुढें मेटा झालें. मे २०२३ मध्यें आयर्लंडच्या आयुक्तांनीं तिला १२० कोटि युरो दंड ठोठावला, आणि जुलैमध्यें तिसरी व्यवस्था अंमलांत आली.