अस्वलाच्या डोक्यावरचे दोन डॉलर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे बालपण भंडारा जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात गेले. चैत्रात मोहफुले पडू लागली की पहाटे अंधारातच माणसे टोपल्या घेऊन रानात जात. मोहफुले जशी माणसाला हवी असतात, तशीच अस्वलालाही. एका पहाटे माझ्या आईच्या नात्यातले एक मामा फुले वेचता वेचता वाकले ते थेट अस्वलासमोरच. मामा वाचले, पण त्यांचा एक डोळा आणि अर्धा गाल गेला. पुढे ते कायम पंचाचे टोक तोंडावर ओढून बसत. सांगायचा मुद्दा असा, की अस्वलाची भीती मला पुस्तकातून कळलेली नाही.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, निवृत्तही झालो. माझी मुलगी अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात असते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी जावईबापूंनी मला विलामेट नदीकाठी शॅम्पूई नावाच्या ठिकाणी नेले. तिथे एकेकाळी गाव होते. १८६१ च्या महापुरात ते वाहून गेले, आणि आता तिथे गवताची कुरणे नि मोठे उद्यान आहे. जावईबापू म्हणाले, "बाबा, आमच्या राज्याचा जन्म इथला." मी विचारले, कशावरून झाला? स्वातंत्र्यावरून, करावरून, की धर्मावरून? त्यांचे उत्तर ऐकून मी चकित झालो. सुरुवात झाली होती लांडगे, अस्वले आणि डोंगरी सिंह यांच्यावरून!

त्या काळी, म्हणजे १८४० च्या सुमारास, ऑरेगन कुणाचे हेच ठरलेले नव्हते. इंग्लंड आणि अमेरिका दोघेही त्यावर हक्क सांगत होते. मूळचे कॅलापुया लोक साथीच्या रोगांनी आधीच खचले होते. खोऱ्यात थोडे फ्रेंच-कॅनेडियन शेतकरी, थोडे अमेरिकन मिशनरी आणि फासेपारधी राहत. कायदा नाही, कचेरी नाही, पोलीस नाही. पण गुरे होती आणि गुरांवर जनावरे पडत होती. तेव्हा फेब्रुवारी १८४३ मध्ये ही मंडळी एकत्र जमली आणि मार्चमध्ये जोसेफ जर्वे या शेतकऱ्याच्या घरी पुन्हा बसली. इतिहासात या बैठकांना 'लांडगा सभा' असेच नाव पडले आहे. तिथे वर्गणी काढून जनावरांच्या डोक्यावर इनामे लावली गेली. लहान लांडग्याला अर्धा डॉलर, मोठ्याला तीन, रानमांजराच्या जातीतल्या लिंक्सला दीड, डोंगरी सिंहाला पाच, आणि अस्वलाला दोन डॉलर. त्याच ठरावात आणखी एक कलम होते. हेच जनावर मूळ रहिवाशाने मारले, तर त्याला गोऱ्याच्या निम्मे इनाम. राज्य अजून जन्मालाही आले नव्हते, पण माणसामाणसांतला दर मात्र ठरला होता.

जनावरांचा विषय संपल्यावर त्याच बैठकीत कुणीतरी म्हणाले, गुरांचे रक्षण ठरले, आता माणसांच्या रक्षणाचे काय? त्यासाठी बारा जणांची समिती नेमली गेली. २ मे १८४३ रोजी शॅम्पूईला सगळे जमले आणि हंगामी सरकार स्थापावे की नाही यावर दोन गट पाडून डोकी मोजली. परंपरेने सांगितला जाणारा आकडा असा, की बाजूने ५२ आणि विरुद्ध ५०. दोन डोक्यांच्या फरकाने एक सरकार उभे राहिले. हा ५२ चा आकडा जरा लक्षात ठेवा.

पुढची ७०-८० वर्षे इनामांची, सापळ्यांची आणि विषाची होती. ऑरेगनमधले शेवटचे ग्रिझली अस्वल १९३० च्या दशकात संपले. शेजारच्या कॅलिफोर्नियाची कथा तर अधिक बोलकी आहे. १९११ मध्ये त्या राज्याने ग्रिझलीचे चित्र असलेला ध्वज अधिकृत केला, आणि १९२० च्या दशकात खरा ग्रिझली तिथून नाहीसा झाला. ध्वजावरचे अस्वल तेवढे उरले. काळे अस्वल मात्र टिकले. ते आकाराने लहान, भित्रे, झाडावर सरसर चढणारे. त्याचे झाडावर चढणेच पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

आता इथे एक प्रश्न येतो. रानातले अस्वल कुणाचे? आपल्या बांधावरच्या म्हशीला मालक असतो, अस्वलाला कोण? १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'गीअर विरुद्ध कनेटिकट' या खटल्यात सांगितले, की रानटी जनावरे ही राज्यातल्या साऱ्या लोकांच्या वतीने राज्याची मालमत्ता होत. मालकीची ही कल्पना त्याच न्यायालयाने १९७९ मध्ये मागे घेतली, पण शिकारीचे नियम करण्याचा राज्याचा अधिकार कायम राहिला. त्यामुळे तिथे प्रत्येक राज्याचे खाते हंगाम ठरवते, परवाने विकते, आणि किती जनावरे मारायची याचा हिशेब ठेवते. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. म्हणजे जनावर वाचवायचा पैसा बऱ्याच अंशी शिकाऱ्याच्या खिशातून येतो. हे ध्यानात घेतल्याशिवाय तिथले राजकारण कळत नाही.

कुत्र्यांची गोष्टही जुनीच. अस्वलाच्या मागावर सोडायची खास कुत्री तिथे पिढ्यान् पिढ्या पाळली जातात. त्यांतल्या 'प्लॉट हाउंड' जातीला तर नॉर्थ कॅरोलिनाने १९८९ मध्ये राज्याचा कुत्रा म्हणून मान दिला. आपल्याकडे जसा हाका असतो, तसाच हा कुत्र्यांचा हाका. तरबेज कुत्र्याला गाडीवर उभे करून जंगलातल्या रस्त्याने फिरवायचे. त्याला ताजा वास आला की तो भुंकतो, मग बाकीची कुत्री सोडायची. मैलोन् मैल पाठलाग होतो. शेवटी थकलेले अस्वल झाडावर चढते आणि खाली कुत्री गराडा घालतात. भुंकण्याचा सूर बदलला की मालकाला कळते, जनावर झाडावर आहे. पूर्वी तो कान देऊन मागोमाग धावे. आता कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाच उपग्रहाच्या मदतीने त्याला जागा दाखवतो.

या शिकारीतली सर्वांत प्रसिद्ध घटना तुमच्या घरातही पोचलेली आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले. वाटाड्या होता होल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला आणि अस्वलाच्या शिकारीत हात धरू शकेल असा दुसरा नसलेला. त्याच्या कुत्र्यांनी अस्वल गाठले. राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत कॉलियरने त्याला जायबंदी करून झाडाला बांधून ठेवले. रूझवेल्ट आले, पण बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे शिकाऱ्याला शोभत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र आले, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल शिवले, आणि त्याचे नाव पडले 'टेडी'. आपली नातवंडे कुशीत घेऊन झोपतात ते हेच. पण त्या खऱ्या अस्वलाचे पुढे काय झाले? ते फार जखमी झाले होते. रूझवेल्टांनीच सांगितले, त्याचे हाल संपवा. मग त्याला सुऱ्याने मारण्यात आले. खेळण्याच्या गोष्टीत हा भाग कुणी सांगत नाही.

रूझवेल्टांच्या मनात जो प्रश्न आला, तोच ९० वर्षांनी मतपेटीपर्यंत गेला. झाडावर अडकलेल्या जनावराला खालून गोळी घालणे ही शिकार की आणखी काही? १९९२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी वसंतातली अस्वलाची शिकार, आमिष ठेवणे आणि कुत्री सोडणे या तिन्हींवर बंदी घातली. १९९४ मध्ये ऑरेगनमध्ये 'प्रस्ताव १८' मताला आला. अस्वल आणि डोंगरी सिंह यांच्या शिकारीत कुत्री नकोत, आणि अस्वलासाठी आमिषही नको, असे तो म्हणत होता. तो मंजूर झाला. बाजूने मते पडली सुमारे ५२ टक्के! ज्या राज्याचा पहिला ठराव अस्वल मारायला पैसे देण्याचा होता, त्याच राज्याने १५१ वर्षांनी तेवढ्याच निसटत्या कौलाने अस्वलाच्या बाजूने हात वर केला. १९९६ मध्ये ही बंदी उठवण्याचा प्रयत्न झाला, तो मतदारांनी फेटाळला. त्याच वर्षी वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्स राज्यांनीही कुत्र्यांच्या शिकारीवर बंदी आणली. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये विधिमंडळातून ती केली. पण सगळीकडे वारे एकाच दिशेने वाहिले नाही. आयडाहो आणि मिशिगनमध्ये १९९६ मध्ये, तर मेनमध्ये २००४ आणि २०१४ अशा दोन्ही वेळा मतदारांनी बंदी नाकारली.

हे सगळे मला वाचून कळले. पण दुसरी बाजू कळली ती मुलीच्या घराजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून. त्याने तरुणपणी हाउंड पाळले होते. तो म्हणाला, "ज्यांनी मते दिली त्यांनी अस्वल फक्त दूरदर्शनवर पाहिले होते." मला हे वाक्य टोचले. कारण मते खरेच तशी पडली होती. पोर्टलंड आणि विलामेट खोऱ्यातल्या शहरी मतांनी प्रस्ताव तारला, तर पूर्वेकडच्या ग्रामीण भागाचा कल त्याच्या विरुद्ध होता. त्याचा दुसरा मुद्दाही खोटा नव्हता. झाडावरचे अस्वल शांतपणे न्याहाळता येते. ते नर की मादी, सोबत पिल्ले आहेत का, हे पाहून सोडून देता येते. झुडपात क्षणभर दिसलेल्या काळ्या आकृतीवर गोळी झाडणाऱ्याला ही सवड नसते.

मी त्याला म्हटले, पण मादीची पिल्ले? काळ्या अस्वलांचा समागम उन्हाळ्यात होतो, पण गर्भ वाढू लागतो तो हिवाळ्याच्या तोंडावर, आणि गुहेत जानेवारी-फेब्रुवारीत पिल्ले जन्मतात. वसंतात त्यांना घेऊन आई बाहेर पडते. अशा वेळी कुत्री मागे लागली, तर आई एकीकडे आणि पिल्ले दुसरीकडे. म्हातारा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तसे होते. आणि माझी दोन कुत्रीही अस्वलानेच फाडली." कुत्र्यांबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलला.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ऑरेगनने शिकार बंद केली नाही, फक्त तिची एक रीत बंद केली. राज्यात आजही खात्याच्या अंदाजाने २५ ते ३० हजार काळी अस्वले आहेत आणि वर्षाला हजारावर अस्वले परवान्याने मारली जातात. मारलेल्या अस्वलाचे डोके खात्याला दाखवावे लागते. त्याचा एक दात काढून घेतात आणि झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी दातातली वलये मोजून वय काढतात. कुत्रीही पूर्ण गेलेली नाहीत. वसंतात अस्वले कोवळ्या डग्लस फर झाडांची साल सोलून आतला गोड रस चाटतात. झाडे मरतात, लाकूडवाल्यांचे नुकसान होते. अशा वेळी नुकसान करणाऱ्या अस्वलामागे आजही कुत्री सोडता येतात. हौसेला मनाई, नुकसानभरपाईला मुभा.

काही राज्यांनी तिसरीच वाट काढली आहे. युटामध्ये अस्वलाच्या नुसत्या पाठलागाचा वेगळा परवाना मिळतो. कुत्री सोडा, अस्वल झाडावर चढवा, पण मारायचे नाही. कुत्र्यांना बोलावून परत फिरायचे. रक्त सांडत नाही हे खरे. पण उन्हाच्या तलखीत मैलभर धावून झाडाला चिकटलेल्या, धापा टाकणाऱ्या जनावराला हा खेळ आहे हे कोण सांगणार? उलट विस्कॉन्सिनमध्ये अस्वलामागे सोडलेल्या कुत्र्याला लांडग्याने मारले, तर राज्य मालकाला अडीच हजार डॉलरपर्यंत भरपाई देते. १८४३ मध्ये मोठा लांडगा मारला की तीन डॉलर मिळत. आता लांडग्याने कुत्रा मारला की अडीच हजार. हिशेब उलटा झाला, पण सरकारी तिजोरी अजून त्याच झाडाखाली उभी आहे.

आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात वाघ-लांडगे मारणाऱ्यांना इनामे होतीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटले, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवानेही गेले. आज आपले अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते योग्यच आहे, असे मी मानतो. पण हा कायदा झाला तेव्हा मोहफुले वेचणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते, हेही मला आठवते. ऑरेगनच्या त्या म्हाताऱ्याला निदान एक मत तरी होते, हरलेले का असेना.

परत आल्यावर मी गावी गेलो तेव्हा मामा हयात नव्हते. त्यांच्या मुलाला मी लांडगा सभेची, दोन डॉलरची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "आबांना लोक म्हणत, त्या अस्वलाला मारून टाकू. ते म्हणायचे, ते आपल्या झाडाखाली आलं होतं, का आपण त्याच्या, ते आधी ठरवा." मामांनी पुढच्या चैत्रातही मोहफुले वेचली होती. फक्त रानात शिरण्याआधी ते मोठ्याने खाकरत आणि काठी आपटत जात. गावातली माणसे आजही तसेच करतात.