क्षणाची नोंद आणि नोंदीचा क्षण

१७९६ साली इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेतून डेव्हिड किनेब्रुक या साहाय्यकाला काढून टाकण्यात आले. वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलीन यांची तक्रार अशी होती, की दुर्बिणीतील उभा तंतू तारा ओलांडतो ती वेळ किनेब्रुक आपल्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा नोंदवतो. तेवढ्या वेळात पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावरील जमीन सुमारे ३७० मीटर सरकते. खलाशांची कोष्टके ग्रिनिचच्या वेधांवरून तयार होत असल्याने ही तक्रार क्षुल्लक नव्हती.

पण दोष एकट्या किनेब्रुकचा होता का? त्या काळी निरीक्षक डोळ्याने तारा पाही, कानाने घड्याळाचे ठोके मोजी आणि दोन ठोक्यांमधील सेकंदाचे दशांश अंदाजाने ठरवी. ही हकिगत वाचून कोनिग्जबर्गच्या बेसेल यांनी इतर निष्णात निरीक्षकांशी स्वतःची तुलना केली. १८२० च्या सुमारास त्यांच्या आणि वाल्बेक यांच्या नोंदींत एक सेकंदाहून अधिक फरक निघाला! या फरकाला पुढे ‘वैयक्तिक समीकरण’ असे नाव पडले. फरक कायम असेल तर तो वजा करता येतो. तो बदलत राहिला तर मात्र इलाज नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विजेवर चालणारा क्रोनोग्राफ आला. निरीक्षकाने कळ दाबली की फिरत्या कागदावर खूण उमटे. ती नंतर सावकाश वाचता येई. नोंदींतील फरक पुष्कळ घटला, तरी बोटाचा विलंब उरलाच.

विसाव्या शतकात हाच प्रश्न संगणकापुढे उभा राहिला. आता निरीक्षकाच्या जागी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आली. समजा, अचूक घड्याळाकडून दर सेकंदाला विजेचा एक ठोका संगणकात येतो. तो आला की प्रोसेसरला ‘इंटरप्ट’ मिळतो. जणू कोणी हाक मारावी तसा. प्रोसेसर हातातील आज्ञा पूर्ण करतो, अर्धवट कामाची स्थिती जपून ठेवतो आणि मग ठोक्याची दखल घेणाऱ्या प्रोग्रामकडे वळतो. तो प्रोग्राम घड्याळ पाहतो. दुसऱ्या नाजूक कामासाठी इंटरप्ट रोखून धरलेले असतील, तर हाक ताटकळते. त्यामुळे विलंब कधी काही मायक्रोसेकंदांचा, तर कधी त्याच्या अनेक पट असतो.

यावरचा उपाय क्रोनोग्राफच्या जातीचाच आहे. अखंड मोजणारा एक काउंटर ठेवायचा आणि ठोका येताच त्यातील आकडा विद्युतमंडलानेच एका रजिस्टरमध्ये टिपून घ्यायचा. इंटरप्ट मागाहून आला तरी बिघडत नाही. कार्यप्रणाली तो टिपलेला आकडा वाचते. अशा ठोक्यांची वेळ प्रोग्रामला कळवण्याची सामाईक रीत २००० साली ‘आरएफसी २७८३’ या दस्तऐवजात मांडली गेली. २००२ च्या ‘आयईईई १५८८’ या मानकामुळे जाळ्यातील संदेशांची वेळही तारेजवळच टिपण्याची पद्धत रूढ होत गेली.

तरीही कार्यप्रणालीची जबाबदारी संपत नाही. काउंटरच्या आकड्याचे रूपांतर तिला घड्याळातील वेळेत करावे लागते. शिवाय रजिस्टर एकच असेल, तर पुढची घटना येण्यापूर्वी ते वाचावे लागते. नाहीतर आधीची नोंद पुसली जाते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन विद्यार्थ्यांना स्टॉपवॉच देऊन एकाच लंबकाची १० आंदोलने मोजायला सांगावीत, आणि हे बऱ्याच वेळा करावे. दोघांच्या सरासरींतील फरक वजा करता येईल. पण प्रत्येकाच्या स्वतःच्याच नोंदींतील चढउतार कसा वजा करणार, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा.