इमारतीची आग: उष्णता जवानांचं नेमकं काय करते?

इमारत पेटली की बाहेर उभ्या माणसाला ज्वाळा आणि धूर दिसतो. आत शिरलेल्या अग्निशमन जवानाची खरी झुंज असते ती उष्णतेशी. ती अनुभवी माणसालाही सोडत नाही.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीला आग लागली. विझवण्याचं काम सुरू असतानाच इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई या अधिकाऱ्यांचा त्यात बळी गेला. गंभीर भाजलेले मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन यांचं त्याच महिन्यात उपचारादरम्यान निधन झालं.

खोली किती तापते?

गरम धूर वर जाऊन छताखाली साचतो. हा थर ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोहोचला की त्याची धग खाली पडते आणि सोफा, पडदे, कपाट सगळं जवळपास एकदम पेटतं. याला 'फ्लॅशओव्हर' म्हणतात. पूर्ण पोशाखातल्या जवानालाही मग बाहेर पडायला काही सेकंदच मिळतात.

फोम आणि प्लॅस्टिकच्या सामानामुळे ही वेळ आता फार लवकर येते. अमेरिकेतल्या एका तुलनात्मक चाचणीत जुन्या पद्धतीचं सामान असलेल्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला २९ मिनिटं लागली. आजच्या फर्निचरच्या खोलीत ४ मिनिटंही लागली नाहीत.

पोशाख वाचवत नाही का?

वाचवतो, पण काही वेळच. त्वचा ४४ अंशांना दुखू लागते, ५५ अंशांना फोड येतात, ७२ अंशांना क्षणात जळते. पोशाखाचे थर उष्णता आत यायला उशीर लावतात, ती कायमची रोखत नाहीत. पोशाख घामाने भिजला तर त्याच ओलाव्याची वाफ होऊन अंग भाजू शकतं. मास्कची पारदर्शक काच पॉलिकार्बोनेटची असते, ती १५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते.

त्यात पोशाख आणि श्वसनयंत्र मिळून २० किलोहून जास्त ओझं. घाम सुकत नाही, शरीर आतून तापतं, पाणी कमी होतं आणि हृदयावर ताण येतो. अमेरिकेत कामावर असताना होणाऱ्या जवानांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक मोठं कारण आहे. म्हणूनच जवानांची पाळी बदलणं, त्यांना सावली, पाणी आणि विश्रांती देणं हाही आग विझवण्याचाच भाग मानला जातो.

इमारत कधी दगा देते?

लोखंडी तुळई वितळण्याच्या कितीतरी आधी, ५५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, जवळपास निम्मी ताकद गमावते. जाड लाकूड बाहेरून हळूहळू कोळसा होत जातं, पण सांधे जळाले की मजला खाली येऊ शकतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा इथल्या जुन्या वस्त्यांत लाकडी खांब-तुळयांची घरं आजही आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि समोर अरुंद गल्ली असेल, तर धोका आणखी वाढतो.

आपण काय करायचं?

- लगेच १०१ किंवा ११२ वर फोन करा.
- बाहेर पडताना दार ओढून घ्या. हवा तुटली की आग मंदावते. चाचण्यांत उघड्या दाराच्या खोलीत ५०० अंशांच्या वर तापमान गेलं, बंद दाराच्या खोलीत ते ४० च्या आसपास राहिलं.
- बंब यायच्या आत गल्लीतल्या गाड्या हलवा.
- आत कुणी अडकलंय का, सिलिंडर कुठे आहे, पोटमाळ्यावर काय माल आहे, हे जवानांना आधी सांगा.
- दागिने, कागदपत्रं आणायला परत आत जाऊ नका. तुम्ही अडकलात तर तुम्हाला शोधायला त्याच उष्णतेत कुणाला तरी शिरावं लागतं.