सेकंडहँड बॉयलरची कुंडली

मंडळी, आजचा विषय सॉफ्टवेअरचा नाही. पण शेवटपर्यंत वाचलंत तर ओळखीचा वाटेल.

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, कर्जत-कशेळे रस्त्यावर लाँड्री काढतोय. त्या भागात गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आणि रिसॉर्ट इतकी झालीत की नुसत्या चादरी धुऊन आणि इस्त्री करून धंदा चालेल, असा त्याचा हिशोब. मोठ्या इस्त्रीला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर. नव्याची किंमत ऐकून दादाचे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की खोपोलीकडे एका बंद कारखान्यात एक बॉयलर पडलाय, स्वस्तात मिळेल. मला फोन आला, "तू इंजिनियर ना? चल बघायला."

मी जावाचा इंजिनियर आहे हे मामाच्या घरात अजून कोणाला पटलेलं नाही. असो. शनिवारी सकाळी कर्जतहून खोपोली लोकल पकडली.

बॉयलर दिसायला झकास होता. चंदेरी रंग, अगदी ताजा. दादा खूश. मी मात्र आदल्या रात्री जागून थोडं वाचलं होतं, त्यामुळे मला तो ताजा रंगच खटकत होता. पण आधी रात्री काय वाचलं ते सांगतो.

१८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला, माणसं मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, प्रत्येकाचे नियम वेगळे. तो घोळ निस्तरायला १९२० मध्ये समिती नेमली गेली आणि १९२३ साली सगळ्या देशाला मिळून इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्ट आला. तो तब्बल शंभर वर्षं टिकला. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला.

एवढी सरकारी काळजी कशासाठी? १० किलो दाबाच्या बॉयलरमधलं पाणी साधारण १८४ अंशांवर असतं, आणि केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहतं. पत्रा फाटला की दाब जातो आणि त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची उघड्या हवेत सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. छप्पर उडायला आणखी काय लागतं?

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावात ग्रोव्हर नावाचा बुटांचा कारखाना होता. २० मार्च १९०५ रोजी मुख्य बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून जुना, राखीव बॉयलर पेटवला. तो फुटला, इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसं गेली. तडा कुठे होता? जिथे एका पत्र्यावर दुसरा पत्रा चढवून रिव्हेट मारतात, त्या जोडाच्या आत. बाहेरून कितीही निरखलं तरी न दिसणारा. या अपघातानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलर बांधणीचे नियम केले आणि पुढे १९१४ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेची प्रसिद्ध बॉयलर संहिता तयार झाली.

आता १९०७ म्हटलं की आमच्या कर्जतकरांना वेगळंच आठवतं. २२ मार्च १९०७, नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली! आदमजी पीरभॉय यांचा पैसा, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याची जिद्द, आणि ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची चार छोटी वाफेची इंजिनं. १९८२ पर्यंत त्यांनी घाट चढला. पुढे त्यांची पांगापांग झाली: ७३८ नंबरचं दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये, ७४० थेट इंग्लंडला. नंतर नेरळला दार्जिलिंगहून एक जुनं इंजिन आणलं, ७९४ बी, अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीचं, १९१७ सालचं. सेकंडहँड बॉयलर आपल्या तालुक्याला नवा नाही म्हणायचा :)

इथे एक गंमत आहे. इंजिनावर १९१७ लिहिलंय म्हणून त्यातला बॉयलर १९१७ चा असं समजायचं नाही. वाफेच्या जमान्यात वर्कशॉपमध्ये बॉयलर इंजिनावरून उतरवायचे. त्याच्या दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर दुसरा, तयार असलेला बॉयलर चढवून इंजिन कामाला लावायचे. त्यामुळे इंजिनाचा नंबर वेगळा, बॉयलरचा वेगळा, आणि दोघांचे कागदही वेगळे. रेल्वेची इंजिनं १९२३ च्या कायद्यातून वगळलेली होती, पण रेल्वे आपली नोंद स्वतः ठेवायची. ती नोंद हरवली तर आपल्या हातात उरते फक्त इंजिनावरची पाटी.

कारखान्याच्या बॉयलरचं तसं नाही. त्याची कुंडली शोधायची पद्धत ठरलेली आहे. नोंदणी झाली की बॉयलरवर नंबर कायमचा कोरावा लागतो. पुढची अक्षरं राज्याची, महाराष्ट्राची एम.आर. त्या नंबरावरून राज्याच्या बाष्पके संचालनालयात त्याची फाईल सापडते. त्यात बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट असतं: पत्रा कुठला, जाडी किती, किती दाबाला टेस्ट केला. आणि असतं तपासणीचं पुस्तक. वापराचं सर्टिफिकेट वर्षभराचंच, म्हणून इन्स्पेक्टर येतो, बॉयलर थंड करून, उघडून आत बघतो आणि पुस्तकात लिहितो. दुरुस्ती करायची तर आधी परवानगी, आणि वेल्डरही परीक्षा पास झालेला. मालक बदलला तर चालू सर्टिफिकेट नव्या मालकाच्या हाती द्यायचं, हे १९२३ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं.

म्हणजे काय? कमिट लॉग! कोणी, कधी, काय बदललं आणि कोणी मंजूर केलं. आपल्याकडे लॉग नसेल तर फारतर रात्री दोनला फोन येतो.

तर मी खिशातून पॉलिश पेपर काढला आणि चंदेरी रंग घासायला लागलो. विकणारा म्हणाला, "साहेब, कागदं काय बघता, माल बघा की!" दहा मिनिटांनी नंबर दिसला. पुस्तकाची झेरॉक्स त्याने कुठूनशी काढली. नंबर जुळला. दादाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

पण पानं उलटत गेलो तर मध्ये सहा वर्षं कोरी. कारखाना बंद असेल, वापरच नाही तर तपासणी कशाला, हे मान्य. पण गंज सुट्टी घेत नाही. आत थोडं पाणी राहिलं तर उभ्या बॉयलरचाही पत्रा खातो. मग टॉर्च घेऊन खाली वाकलो. शेलच्या तळाशी, रंगाखाली, हाताला एक चौकोनी उंचवटा लागला. ठिगळ. वेल्डिंग केलेलं. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. ठिगळाची एका ओळीचीही नोंद नव्हती.

"किती वर्षांपूर्वीचं हे?" मी विचारलं. उत्तर आलं, "असेल जुनं."

ठिगळ कदाचित उत्तम असेल. एखाद्या कसबी माणसाने मन लावून मारलेलं असेल. पण पत्रा कुठला, वेल्डर कोण, नंतर टेस्ट झाली का, हे सांगणारं कोणी नव्हतं. ब्रॉक्टनचा जोडही बाहेरून धड दिसत होता.

परतीच्या गाडीत दादा गप्प होता. पळसदरी आल्यावर म्हणाला, "तुझ्यामुळे चार महिने उशीर होणार. हप्ता वेगळाच." मी विचारलं, "बॉयलरवर उभा कोण राहणार?" पाड्यावरचा एक मुलगा त्याने ठरवला होता, एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला, त्याच्याकडेच पहिल्यापासून कामाला. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. कर्जत येईपर्यंत काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने बँकेत अर्ज केला. नवा, लहान बॉयलर, सगळ्या सर्टिफिकेटांसकट. माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण मला त्याने एक काम दिलंय: तपासणीचं पुस्तक आलं की प्रत्येक पान स्कॅन करून ठेवायचं. दहा-पंधरा वर्षांनी हा बॉयलर कोणीतरी सेकंडहँड घ्यायला येईलच, आणि त्याच्याबरोबरही माझ्यासारखा एखादा जावावाला असेल.

तुमच्या घरच्या गिरणीत, कारखान्यात असा जुना बॉयलर असेल तर त्याचा नंबर एकदा घासून बघा. काय सापडलं ते मला जरूर कळवा.