पाण्याच्या सूत्रातला ‘दोन’

‘एच-टू-ओ’ हे सूत्र रसायनशास्त्राशी एरवी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला पाठ असते. शाळेत ते इतक्या लवकर भेटते, की त्यातला दोन कुणीतरी प्रयोगशाळेत सरळ मोजून काढला असावा असे वाटते. प्रत्यक्षात या दोनावर एकमत व्हायला सुमारे 50 वर्षे लागली, आणि तो वाद मिटवणारा युक्तिवाद नव्या प्रयोगातून आला नाही. विद्यार्थ्यांसाठी विषयाच्या पायाची उजळणी करताना एका प्राध्यापकाने जुनेच पुरावे एकमेकांशी ताडून पाहिले, त्यातून तो उभा राहिला. अणुवस्तुमान आणि रेणुसूत्र या गोष्टी पाठ करून घेण्याऐवजी पुराव्यासकट शिकवायला हव्यात असे मी म्हणतो, ते या इतिहासाच्या जोरावर.

1808 साली जॉन डाल्टनने आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपात मांडला तेव्हा त्याच्या हाती वजने होती, अणूंची संख्या नव्हती. पाण्यात एक भाग हायड्रोजनमागे आठ भाग ऑक्सिजन असतो, एवढे तराजू सांगतो (डाल्टनच्या मोजणीत सात आले होते). पण ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या आठपट जड की सोळापट, हे ठरवायला पाण्यातली अणूंची संख्या आधी माहीत हवी, आणि ती संख्या काढायची तर अणूंची वजने हवीत. हे त्रांगडे डाल्टनने एका गृहीताने सोडवले: दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोघांचा एकेक अणू धरायचा. पाणी झाले ‘एच-ओ’. लगेच गे-ल्युसॅकने दाखवून दिले, की वायू ठरावीक आकारमानांतच संयोग पावतात. दोन आकारमाने हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमाने वाफ होते. 1811 साली ॲव्होगॅड्रोने त्याचा अर्थ लावला: तापमान व दाब सारखे असताना कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणू समान असतात. मग ऑक्सिजनच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू होतात, म्हणजे तो रेणू दुभंगतो, म्हणजे त्यात किमान दोन अणू आहेत.

हे त्या काळच्या मोठ्या रसायनज्ञांना पटेना, आणि त्यांची हरकत आडमुठेपणाची नव्हती. अणू परस्परविरोधी विद्युतभारांमुळे जोडले जातात असे बर्झेलियस मानत असे. त्या हिशेबाने ऑक्सिजनचे दोन सारखे अणू एकमेकांना धरून राहणारच कसे? स्वतः बर्झेलियस पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू धरत होता, पण समान आकारमानाचा नियम त्याने मूलद्रव्यांपुरताच मानला. पुढे द्यूमाने पारा, गंधक आणि फॉस्फरस यांच्या वाफेची घनता मोजली, तर आकडे अपेक्षेपेक्षा निम्मे, तिप्पट, दुप्पट! अशा अनुभवानंतर बऱ्याच रसायनज्ञांनी अणूंचा नाद सोडून तराजूच्या आकड्यांवरच भिस्त ठेवली आणि पाणी पुन्हा ‘एच-ओ’ झाले. 1861 साली केकुलेने आपल्या पुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची प्रचारातली 19 सूत्रे नोंदवली.

जेनोआत शिकवणाऱ्या स्टानिस्लाओ कॅनिझारोने 1858 साली आपल्या अभ्यासक्रमाची रूपरेषा छापली. त्याची रीत आजही वहीत करून पाहावी अशी आहे. हायड्रोजनच्या रेणूचे वजन 2 धरा आणि घनतेवरून बाकीच्या वायूंच्या रेणूंची वजने काढा. हायड्रोजन क्लोराइड 36.5 येते, त्यात हायड्रोजन 1. पाण्याची वाफ 18, त्यात हायड्रोजन 2 आणि ऑक्सिजन 16. कार्बन मोनॉक्साइड 28, त्यात कार्बन 12. मिथेन 16, त्यातही कार्बन 12. एथिलीन 28, त्यात 24. कार्बन कुठेही 6 किंवा 18 येत नाही, 12च्या पटीतच येतो. जो वाटा कधीच फुटत नाही, तो अणू. हायड्रोजनचा असा वाटा 1, म्हणून पाण्यातल्या 2चा अर्थ दोन अणू.

यावर खरा आक्षेप असा, की उद्या 6 कार्बन असलेले संयुग सापडले तर? तर्क म्हणून तो बिनतोड आहे. या रीतीने अणुवस्तुमानाची वरची मर्यादा तेवढी कळते. म्हणून कॅनिझारोने विशिष्ट उष्णतेचा स्वतंत्र पुरावा जोडीला घेतला. त्या पुराव्यावरून पाऱ्याचे अणुवस्तुमान 200 ठरते, घनतेवरून त्याच्या रेणूचे वजनही 200च येते. म्हणजे पाऱ्याच्या वाफेत रेणू एकाच अणूचा. द्यूमाची घनता बरोबरच होती. सगळ्या मूलद्रव्यांचे रेणू दोन अणूंचे असलेच पाहिजेत, हे गृहीत चुकीचे होते. ‘एच-ओ’ लिहूनही विश्लेषणाचे हिशेब जुळत होते, मग एवढी उठाठेव कशाला, असेही कुणी म्हणेल. वजनाचे हिशेब जुळत होते हे खरे, पण ते दोन्ही सूत्रांनी जुळत होते. कोणते खरे, ते तराजूला सांगता येत नव्हते.

सप्टेंबर 1860मध्ये कार्ल्सरूहे इथे सव्वाशेवर रसायनज्ञ जमले. निर्णय झाला नाही, पण निघताना कॅनिझारोचा मित्र पावेसी याने त्या रूपरेषेची पुस्तिका वाटली. ती घेऊन गेलेला लोथार मायर आणि ती परिषद ऐकून गेलेला मेंडेलीव्ह, दोघांनी पुढे याच अणुवस्तुमानांवर मूलद्रव्यांची मांडणी केली. एक अडचण मात्र बोचत राहिली होती: नवसागराच्या (अमोनियम क्लोराइडच्या) वाफेची घनता नियमाच्या निम्मीच येई. तापवल्यावर नवसागराचे विघटन होत असावे, हे कॅनिझारोचे उत्तर विरोधकांना पळवाट वाटे. 1862 साली पेबालने ती वाफ ॲस्बेस्टॉसच्या बोळ्यातून झिरपू दिली. हलका अमोनिया आधी पलीकडे गेला आणि तिथला लिटमस निळा झाला. मागे आम्ल उरले आणि अलीकडचा लिटमस लाल झाला. नवसागराच्या एका रेणूचे वाफेत दोन रेणू झाले होते, आणि ॲव्होगॅड्रोच्या नियमाने ते दोन म्हणूनच मोजले जात होते.