ब्रिंडिसी : सगळे जिथून निघून जातात

"ब्रिंडिसीला जातेय," असं फोनवर सांगितलं तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न, "ते कुठे आलं?" आणि दुसरा, "एकटीच?" दुसऱ्याचं उत्तर, हो. पहिल्याचं जरा लांबलचक आहे, म्हणून हे लिहायला बसले.

नकाशात इटलीचा बूट दिसतो ना, त्याच्या टाचेवर हे बंदर आहे. समोरचा समुद्र ओलांडला की अल्बानिया, थोडं खाली ग्रीस. मी कामासाठी मिलानला गेले होते आणि शेवटचे चार दिवस मोकळे होते. व्हेनिस, फ्लोरेन्सच्या खोल्यांचे दर बघून डोळे पांढरे झाले. दक्षिणेत त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत खोली मिळत होती. शिवाय रात्रीची गाडी पकडली, साधी बसायची जागा घेतली, बर्थ नाही, म्हणजे एका रात्रीचं भाडंही वाचलं. एसटीच्या रातराणीने प्रवास केलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. :)

पण स्वस्त पडतं हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे ती गाडीच. बोलोन्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने ब्रिंडिसीपर्यंत जाणाऱ्या याच मार्गाने ४४ वर्षं मुंबईची डाक येत असे. हे कुठेतरी वाचल्यापासून डोक्यात बसलं होतं. पहाट झाली तेव्हा डाव्या हाताला समुद्र होता, शेजारचे आजोबा घोरत होते, आणि मी आपली त्या डाकेच्या पिशव्यांचा विचार करत होते.

झालं असं. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला. तोवर विलायतेची घाईची डाक फ्रान्समधून मार्सेयपर्यंत रेल्वेने जाई आणि पुढे बोटीने. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, फ्रान्समधला रस्ता बंद पडला आणि इंग्रजांनी डाक इटलीतून ब्रिंडिसीला वळवली. १८७१ मध्ये आल्प्समधला मों सनीचा बोगदा उघडल्यावर हा रस्ता आणखी सोयीचा झाला. बोट जितकी कमी आणि रेल्वे जितकी जास्त तितका वेळ वाचतो, एवढं साधं तत्त्व! ज्यूल व्हर्नच्या ८० दिवसांत जगाला फेरी मारणाऱ्या फिलिअस फॉगच्या वेळापत्रकातही म्हणूनच ब्रिंडिसी आहे.

पुढे १८९० नंतर तर शुक्रवारी संध्याकाळी लंडनहून निघालेली डाक साधारण दोन दिवसांत इथे पोचायची. पैसेवाले साहेब लोकही हीच युक्ती करत. सामान आधी बोटीने पाठवून द्यायचं, आपण आठवडाभर लंडनला जास्त राहायचं आणि रेल्वेने येऊन ब्रिंडिसीला बोट गाठायची. १८९८ पासून 'आयसिस' आणि 'ओसायरिस' नावाच्या पी अँड ओ कंपनीच्या दोन छोट्या, वेगवान बोटी पिशव्या घेऊन पोर्ट सैदला धावायच्या, तिथे मोठी आगबोट, आणि मग मुंबई. १९१४ मध्ये महायुद्ध आलं आणि हा मार्ग संपला.

आता विचार करा, त्या पिशव्यांत काय काय असेल. शिकायला गेलेल्या मुलाचं पत्र, प्रिव्ही कौन्सिलने दिलेला कुणाच्या तरी वाड्याचा, वतनाचा निकाल, इंडिया ऑफिसचे हुकूम. दुष्काळ असो की प्लेग, लंडनमध्ये आपल्याबद्दल काय ठरलं ते कागदावर याच धक्क्यावरून पुढे आलं. (तार होती, पण तारेत कितीसं मावणार?) आणि ब्रिंडिसीच्या हमालांच्या खांद्यावर मात्र नुसत्या शिवलेल्या, लाखबंद पिशव्या.

स्टेशनपासून बंदरापर्यंत सरळ रस्ता आहे, पंधरा-वीस मिनिटांचा. पाठीवर सॅक टाकून चालत गेले. वाटेत उभ्याउभ्या कॉफी प्यायले. इटलीत टेबलाशी बसलात की कॉफी महाग होते, हे बजेटवाल्यांनी लक्षात ठेवावं. बंदर फार सुंदर आहे. समुद्र आत शिरून दोन फाटे फुटतात आणि शहराला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. वरून पाहिलं तर हरणाचं डोकं आणि शिंगं दिसावीत असा आकार. गावाचं नावच मुळी इथल्या प्राचीन मेसापी भाषेतल्या हरणाच्या शब्दावरून आलं म्हणतात.

धक्क्यावरून पायऱ्या चढून गेलं की एक उंच संगमरवरी रोमन खांब आहे, सुमारे १९ मीटरचा. पूर्वी दोन होते. रोमहून निघणारा 'आप्पिया' हा रस्ता (ख्रिस्तपूर्व ३१२ मध्ये सुरू झाला, २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला) पाचशेहून अधिक किलोमीटर चालून याच गावात संपतो. दुसरा खांब १५२८ मध्ये कोसळला. त्याचे तुकडे पुढे शेजारच्या लेच्चे गावाला दिले गेले आणि तिथे आता त्यांच्यावर एक संत उभे आहेत. म्हणजे या गावातून खांबसुद्धा निघून गेला!

होरेस हा कवी ख्रिस्तपूर्व ३७ च्या सुमारास रोमहून इथवर आला आणि त्या प्रवासावर त्याने एक कविता लिहिली. त्यात डास आहेत, बेडूक आहेत, वाईट पाण्याने बिघडलेलं पोट आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन, आणि तक्रारी तंतोतंत आपल्याच! व्हर्जिल मात्र इथून पुढे गेला नाही. ग्रीसहून आजारी परतला आणि ख्रिस्तपूर्व १९ मध्ये इथे वारला. आपलं अपुरं महाकाव्य जाळून टाका असं त्याने सांगितलं होतं म्हणतात. ऑगस्टसने ते होऊ दिलं नाही. पुरलं मात्र त्याला नेपल्सला नेऊन.

पायऱ्यांवर बसून मी डबा खाल्ला. आदल्या दिवशी एका खानावळीतून आणलेलं सोललेल्या सुक्या बाकल्याचं घोटलेलं वरण आणि वर कडसर पालेभाजी. इथलं गरिबाचं जेवण. लसणीची फोडणी असती तर आपलंच.

समोर दिसणाऱ्या पाण्यावरून १४ डिसेंबर १९३१ रोजी 'पिल्स्ना' नावाची बोट निघाली. गोलमेज परिषदेतून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजी त्यात होते. २८ डिसेंबरला मुंबई, ४ जानेवारीला अटक. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीचा राजा रोमहून पळाला तो इथे येऊन थांबला आणि काही महिने हे आडगाव राजधानी झालं. पुढे रेल्वेचा पास घेऊन युरोप फिरणारी तरुण पोरं ग्रीसची बोट पकडायला यायची, धक्क्यावर झोपायची आणि सकाळी नाहीशी व्हायची. इथे थांबून बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलेलंच नसावं.

याला एक दिवस अपवाद आहे.

७ मार्च १९९१. अल्बानियातली राजवट कोसळत होती आणि बोटींमागून बोटी बंदरात शिरल्या. एका दिवसात सुमारे पंचवीस हजार माणसं उतरली. गावाची वस्ती तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास. सरकारची काहीच तयारी नव्हती. थंडी, पाऊस, माणसं धक्क्यावर, रस्त्यांवर. मग गावानेच दारं उघडली. शाळांत, चर्चमध्ये, घरांत लोकांना घेतलं, पातेली चढवली, कपाटं रिकामी केली. जन्मभर लोकांना निरोप देणाऱ्या गावाकडे पहिल्यांदाच कुणीतरी राहायला आलं होतं.

माझ्या खोलीची मालकीण पन्नाशीची असेल. अर्धं इंग्रजी, अर्धं फोनवरचं भाषांतर, अशा आमच्या गप्पा चालल्या. ती तेव्हा शाळेत होती. तिच्या आईने रस्त्यावरून दोन भाऊ घरी आणले, एक अठराचा, एक त्याहून लहान. त्यांना आंघोळीला पाणी दिलं, बापाचे कपडे दिले. आणि हिचा पिवळा रेनकोट, नवा, नाताळात घेतलेला, धाकट्याला देऊन टाकला. "मला विचारलंसुद्धा नाही," ती म्हणाली. एवढ्या वर्षांनंतरही तिच्या आवाजात तो राग अगदी ताजा होता आणि मला ते फार खरं वाटलं. आठ दिवसांनी ते दोघे उत्तरेकडे कामाला गेले. रेनकोटही गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'व्लोरा' नावाची बोट सुमारे वीस हजार माणसांना घेऊन याच बंदराकडे आली होती. या खेपेला तिला इथे लागू दिलं नाही. ती बारीला गेली, तिथे माणसांना एका स्टेडियममध्ये कोंडलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. मार्च ते ऑगस्ट, पाच महिने. मी तिला त्याबद्दल विचारलं. ती थोडा वेळ कप विसळत राहिली.

"आई गेली होती तेव्हा धक्क्यावर," ती म्हणाली. "डबे घेऊन. पोलिसांनी परत पाठवलं."

मग तिने मला विचारलं, उद्या खोली किती वाजता सोडणार.