अळू : एक पान, दोन नावे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले आणि तहनामे उभे राहतात. परंतु परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर निमूटपणे वाढणाऱ्या अळूलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या साऱ्या किल्ल्यांहून जुना आहे.

पापुआ न्यू गिनी देशात कूक नावाची दलदल आहे. तेथील सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर अळूच्या कंदातील पिष्टाचे कण आढळले. पुढे तेथील माणसांनी मातीचे उंचवटे रचून व चर खणून ती दलदल लागवडीखाली आणली. २००८ साली युनेस्कोने या जागेची जागतिक वारशात नोंद केली.

नावाचा प्रवासही असाच मनोरंजक आहे. संस्कृतात ‘आलु’, ‘आलुक’ हे शब्द खाण्याजोग्या कंदांना लावीत. अमेरिकेतला बटाटा आपल्याकडे आला, तेव्हा उत्तरेने हे जुने नाव त्या पाहुण्यास देऊन टाकले. मराठीने मात्र पाहुण्यास त्याच्या पोर्तुगीज नावानिशी घरात घेतले आणि अळूचे नाव अळूकडेच राहू दिले.

बेळगाव-निपाणी भागात या पानाचे आणखी एक नाव कानी पडते : कन्नड ‘केसु’. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. २००४ साली सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. शब्द हा येथे केवळ कोशाचा विषय उरला नाही. पाटीवरील अक्षरांवरूनही तंटे झाले. अळूच्या पानात मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला खवखवताना भाषा विचारीत नाहीत. म्हणून मराठी आणि कन्नड, दोन्ही चुलींवर चिंच पडते.

१७५३ साली लिनियस या स्वीडिश पंडिताने याच वनस्पतीच्या दोन जाती कल्पून दोन नावे दिली होती. आजचे शास्त्रज्ञ ती एकच जात मानतात. कागदावर दोन झाली, तरी चिखलात ती एकच होती.

सीमाभागातील मुलास ‘केसु’ हा शब्द अवश्य यावा. शेजाऱ्याचा शब्द शिकल्याने कोणी दरिद्री होत नाही. पण तो शिकविताना त्याच्या पाटीवरचे ‘अळू’ कोणी पुसू नये, एवढेच मागणे आहे.